कायदेपंडित बाबासाहेब : महाडच्या दाव्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनचरित्र आपल्या घराघरांतून सांगितले जाते. महूचा जन्म, साताऱ्याचे बालपण, कोलंबिया व लंडन येथील विद्याभ्यास, महाडचा संगर, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असतात. या चरित्रातील न्यायालयाचा अध्याय मात्र सभासमारंभांतून क्वचितच उलगडला जातो. वस्तुतः तो आपल्याच जिल्ह्यात घडला. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेबांना प्रतिवादी म्हणून खेचण्यात आले आणि तो दावा निकाली निघण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. पुढे देशाच्या न्यायव्यवस्थेची कलमे घटना समितीपुढे मांडण्याची वेळ आली, तेव्हा ती मांडणारी व्यक्ती न्यायालयाच्या पायऱ्या वकील आणि पक्षकार अशा दोन्ही नात्यांनी चढलेली होती. पेण-रोहा परिसरातील माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हा अध्याय नीट समजून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

बॅरिस्टर आंबेडकर

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी व भीमाबाई यांच्या पोटी जन्मलेल्या भीमरावांचा मूळ अभ्यासविषय अर्थशास्त्र होता. परंतु आपल्या समाजाची गाऱ्हाणी अखेर कायद्याच्या दारातच न्यावी लागणार, ही जाणीव त्यांना लवकर झालेली दिसते. १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला जाताच अर्थशास्त्राबरोबर त्यांनी ग्रेज इन या विधिसंस्थेतही नाव घातले. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला.

मोठ्या सॉलिसिटरांकडून अस्पृश्य बॅरिस्टरास काम मिळण्याचा तो काळ नव्हता. म्हणून अपील शाखेतील कामे आणि गोरगरिबांचे खटले यांवर त्यांच्या वकिलीची उभारणी झाली. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर चळवळीतील मंडळींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. पुण्यातील त्या प्रकरणाचे अपील बाबासाहेबांनी चालविले आणि आरोपी निर्दोष सुटले. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १९३५ साली ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

ठराव होता, पाणी नव्हते

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण तळ्याच्या काठी जाऊन पाणी भरण्याची सोय कोणासही नव्हती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी हजारो स्त्री-पुरुषांसह बाबासाहेब तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठरावच मागे घेतला. बोले ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. कागदावरचा हक्क कागदानेच नाहीसा केला आणि त्याविरुद्ध दाद मागावी असे सहज पोहोचता येण्याजोगे दार देशात नव्हते.

प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर

डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तो रोखण्यासाठी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला. तळे खासगी मालकीचे आहे आणि अनादी काळापासून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. नरहरी दामोदर वैद्य हे त्यांतील प्रमुख. बाबासाहेब, त्यांचे सहकारी शिवतरकर व इतर काही जण अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी या नात्याने प्रतिवादी झाले. दोनच दिवसांत, १४ डिसेंबर रोजी, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो लोक सत्याग्रहासाठी कंबर कसून आलेले होते. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. जमलेल्यांपैकी कित्येकांना तळ्यावर जाण्यावाचून माघारी फिरणे म्हणजे पराभव वाटत होता. बाबासाहेबांपुढे मोठा पेच होता. हुकूम मोडावा तर सरकारच विरोधात उभे राहणार आणि समाजाला तुरुंग पत्करावा लागणार. हुकूम पाळावा तर लोकांचा उत्साह खचणार. अखेर न्यायालयाचा निर्णय होईतो सत्याग्रह तहकूब ठेवावा, असे त्यांनी परिषदेकडून मान्य करून घेतले. मिरवणूक निघाली, पण तळ्यात कोणी उतरले नाही. ज्या माणसाने एका दिवशी मनूचा कायदा अग्नीत टाकला, त्यानेच त्या परिषदेत न्यायालयाचा हुकूम शिरोधार्य मानला. यात विसंगती नाही. मनूच्या कायद्यात अस्पृश्याला बाजू मांडण्याची जागाच नव्हती. महाडच्या न्यायालयात ती होती आणि ती लढवून जिंकता येईल, हा त्यांचा हिशोब होता.

तीन पायऱ्या, नऊ वर्षे

या दाव्याचा प्रवास पाहिला म्हणजे न्यायालयांची उतरंड पुस्तकावाचून समजते. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी महाडच्या न्यायालयाने मनाई हुकूम उठविला, पण मूळ दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी निकाल लागला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील असून वादींची खासगी मालकी सिद्ध झालेली नाही, आणि एका वर्गाने वापर केला व दुसऱ्याने केला नाही एवढ्यावरून पहिल्या वर्गास कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. वादींनी ठाण्याच्या न्यायालयात अपील केले. ते ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. मग दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफिल्ड व न्या. वाडिया यांनी तेही फेटाळले.

विजय पूर्ण होता, तरी निकालाचा आधार बारकाईने पाहण्यासारखा आहे. उच्च न्यायालयाने वादींना हरविले ते अनादी काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही या कारणाने. तळ्याभोवती सवर्णांची घरे असल्याने अस्पृश्यांना तिकडे जाण्याचा प्रसंगच आला नसेल, एवढ्यावरून त्यांना मज्जाव करण्याची प्राचीन रूढी होती असे ठरत नाही, असे न्यायालयाने पाहिले. पण अशी रूढी सिद्ध झालीच असती तर ती अन्याय्य म्हणून रद्द ठरली असती काय? त्या प्रश्नात शिरण्याची गरज न्यायालयास भासली नाही. म्हणजे माणसाचा पाण्यावरील हक्क माणूस म्हणून मान्य झाला नाही, प्रतिपक्षाचा पुरावा तोकडा पडला म्हणून तो टिकला. पुरावा भक्कम असता तर निकाल कदाचित उलटही लागला असता. पुढील काळातील बाबासाहेबांची घटनाकारिता समजून घेण्यासाठी हा धागा हाती धरून ठेवावा लागतो.

न्यायालय आहे तो कायदा लावते, कायदा बदलणे हे विधिमंडळाचे काम, ही विभागणीही त्यांनी ओळखली होती. म्हणूनच महाडचा निकाल लागला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. खोताच्या जाचाची आठवण आपल्या भागातील जुन्या घराण्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

घटना समितीतील काम

१९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. १९४७ साली त्यांनी सादर केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात मूलभूत हक्कांची यादी होती आणि त्याबरोबरच हक्क मोडला तर सर्वोच्च न्यायालयाने आदेशाधिकार वापरून संरक्षण द्यावे, अशीही तरतूद होती. हक्क आणि त्यावरील उपाय त्यांनी कधी वेगळे केले नाहीत. फाळणीनंतर ते मुंबईतून पुन्हा निवडून आले, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. न्यायपालिकेची प्रकरणे अर्थातच एकट्याची निर्मिती नव्हती. बी. एन. राव, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, कन्हैयालाल मुन्शी अशा अनेकांचे श्रम त्यांत आहेत. परंतु प्रत्येक कलम सभागृहात समजावून सांगणे, दुरुस्त्या स्वीकारणे वा नाकारणे, हा भार मुख्यतः बाबासाहेबांनी वाहिला.

महाडच्या दाव्यातील एकेक अडचण घटनेच्या कलमांशेजारी ठेवून पाहावी. वादींचा मुख्य आधार रूढी हा होता. अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत ठरतात आणि तेथे कायदा या शब्दात कायद्याचे बळ असलेल्या रूढी व परिपाठही येतात. म्हणजे रूढी प्राचीन आहे हे सिद्ध झाले तरी आता तिचा उपयोग नाही. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शासनाच्या पैशाने राखलेल्या वा जनतेस वाहिलेल्या अशा ठिकाणी जात, धर्म, लिंग आदी कारणांवरून कोणास मज्जाव करता येत नाही. बोले ठरावातील सरकारी पैशाचा धागा येथे राज्यघटनेत विणला गेलेला दिसतो. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. आणि अनुच्छेद १२ नुसार नगरपालिकेसारखी स्थानिक संस्थाही ‘राज्य’ या संज्ञेत येते. त्यामुळे १९२७ साली महाड नगरपालिकेने जसा ठराव फिरविला, तसा आज कोणी फिरविला तर त्यास थेट आव्हान देता येते.

आव्हान कोठे द्यावयाचे, हे अनुच्छेद ३२ व २२६ सांगतात. १९५० पूर्वी कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीनच उच्च न्यायालयांना प्राधिलेख काढण्याचा अधिकार होता आणि तोही मुख्यतः त्या त्या शहराच्या हद्दीपुरता. खाडीपलीकडच्या पेण-रोह्यातील माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ नव्हता. अनुच्छेद २२६ ने प्रत्येक उच्च न्यायालयास आपल्या संपूर्ण क्षेत्रात हा अधिकार दिला. अनुच्छेद ३२ ने मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाणे हाच एक मूलभूत हक्क केला. डिसेंबर १९४८ मधील चर्चेत बाबासाहेबांनी हेच कलम घटनेतील सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगितले. ते नसेल तर घटना निरर्थक ठरेल, इतके वजन त्यांनी त्यास दिले.

हे प्राधिलेख पाच आहेत. अटकेतील माणसास न्यायालयापुढे आणून अटकेचे कारण विचारणारा तो बंदी प्रत्यक्षीकरण. अधिकाऱ्यास त्याचे कर्तव्य बजावण्याची आज्ञा देणारा तो परमादेश. कनिष्ठ न्यायालयास अधिकाराबाहेर जाण्यापासून थांबविणारा तो प्रतिषेध. त्याने दिलेला सदोष निर्णय मागवून रद्द करणारा तो उत्प्रेषण. आणि पदावर बसलेल्यास कोणत्या अधिकाराने बसलात असे विचारणारा तो अधिकारपृच्छा. मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही प्राधिलेख काढता येत असल्याने या बाबतीत उच्च न्यायालयाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाहूनही विस्तृत आहे.

आपल्या जिल्ह्यातून दिल्लीपर्यंत

आज पेण वा रोहा येथील दिवाणी न्यायालयात लागलेल्या निकालावर अलिबागच्या जिल्हा न्यायालयात अपील होते. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयात आणि विशेष अनुमती मिळाल्यास पुढे सर्वोच्च न्यायालयात जाता येते. अमेरिकेत संघराज्याची न्यायालये निराळी आणि घटकराज्यांची निराळी आहेत. भारतात मात्र एकच अखंड साखळी आहे. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा मांडताना हे वैशिष्ट्य आवर्जून सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा अनुच्छेद १४१ नुसार सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. केंद्र व राज्ये यांच्यातील तंटेही तेच ऐकते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले १९४९ मध्येच बंद झाली आणि २८ जानेवारी १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले.

एवढे अधिकार ज्यांच्या हाती द्यावयाचे ते न्यायाधीश निर्भय असावेत, ही काळजीही घटनेत घेतलेली आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने ठराव झाल्याखेरीज त्यांना दूर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा खर्च देशाच्या संचित निधीवर भारित असतो, त्यावर मतदान होत नाही. न्यायाधीशांची नेमणूक केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणे बाबासाहेबांना धोक्याचे वाटले. त्याच वेळी मे १९४९ च्या चर्चेत सरन्यायाधीशांच्या संमतीची सक्ती करण्यासही त्यांनी विरोध केला. सरन्यायाधीशही अखेर माणूसच, गुणदोषांसह, असे त्यांचे म्हणणे होते. विचारविनिमयाचा मधला मार्ग त्यांनी पत्करला. कोणत्याही एका व्यक्तीवर आंधळा विश्वास टाकू नये, हे त्यांचे सूत्र त्यांनी न्यायाधीशांनाही लावले.

न्यायालय आपल्या विरोधात जाते तेव्हा

ही कसोटी लवकरच आली. मद्रास सरकारचा जातनिहाय प्रवेशाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली चंपकम दोराईराजन प्रकरणात रद्द ठरविला. मागासवर्गीयांच्या शिक्षणावर त्याचा परिणाम होणार होता. कायदामंत्री बाबासाहेबांनी संसदेत निर्णयावर उघड टीका केली, परंतु तो न पाळण्याची भाषा केली नाही. पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीची वाट मोकळी झाली. १९२७ साली महाडात त्यांनी जो मार्ग धरला, तोच १९५१ साली दिल्लीत धरला. निकाल मान्य करावा, त्याची चिकित्सा करावी आणि तो बदलण्याचा सनदशीर उपाय शोधावा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातही, सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहासारखी साधने बाजूस ठेवावीत, असे महाडच्या सत्याग्रहाच्या नेत्यानेच देशाला बजावले होते.

याचा अर्थ न्याय आता सुलभ झाला असे नव्हे. दावे वर्षानुवर्षे चालतात, मुंबईच्या वकिलाची फी परवडत नाही आणि दिल्ली तर फारच दूर. म्हणून पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके यांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे वा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पैसे नाहीत म्हणून हक्क सोडून देण्याची गरज नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. महाडच्या दाव्याच्या शीर्षकात त्यांचे नाव दुसऱ्या बाजूला आहे, ज्याच्यावर फिर्याद झाली त्याच्या जागी. पाणी पिण्याबद्दल जाब द्यावा लागलेला तो माणूस होता. आज पेणच्या वा रोह्याच्या एखाद्या वस्तीतील मुलीला सार्वजनिक पाणवठ्यावर कोणी अडविले, तर तिला कोणाच्या दाव्याची वाट पाहावी लागत नाही. उच्च न्यायालयातील अर्जावर तिचे नाव पहिल्या बाजूला, अर्जदार म्हणून लागते आणि जाब अडविणाऱ्याला व त्याकडे डोळेझाक करणाऱ्या शासनाला द्यावा लागतो. नावाची ही जागा बदलण्यासाठी बाबासाहेबांनी उभे आयुष्य वेचले. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी काळा कोट अंगावर चढवावा, काहींनी न्यायासनापर्यंत पोहोचावे आणि उरलेल्यांनी निदान ही कलमे वाचून शेजाऱ्याला समजावून सांगावीत, एवढीच अपेक्षा.